उत्तर तीरावरचे नाव

सी प्लस प्लसमधले फंक्शन डी भाषेतून कॉल करायचे, तर त्याचे नाव नेमस्पेससकट पूर्ण घ्यावे लागते. कारण शेवटी दोन्हीकडची नावे जुळवणाऱ्या लिंकरला भाषा कळत नाही. तो अक्षरे तेवढी जुळवतो. 'पैठण' नेमस्पेसमधले, पूर्णांक घेणारे 'घाट' हे फंक्शन लिनक्सवर ऑब्जेक्ट फाइलमध्ये उतरते ते असे: अंडरस्कोर, झेड, एन, मग ७ हा आकडा आणि रोमन लिपीतली पैठणची सात अक्षरे, ४ आणि घाटची चार, ई, आणि पूर्णांकासाठी आय. बाहेरून आत. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर नेमका उलटा, आधी घाट आणि मग पैठण. डीच्या कंपायलरला दोन्ही रीती बिनचूक यायला हव्यात. एक अक्षर चुकले की लिंकर हात वर करतो.

हे काम किचकट, पण सरळ. खरा पेच वेगळाच आहे: परकी नेमस्पेस आपल्या घरात कुठवर येऊ द्यायची?

डीने आधी ती पुरती आत घेतली. तिच्या नावाचा नवा स्कोपच डीमध्ये तयार होई. पण डीमध्ये हे काम मॉड्यूल करतात आणि एक मॉड्यूल म्हणजे एक फाइल. सी प्लस प्लसची नेमस्पेस मात्र हव्या तितक्या फायलींत पुन्हा उघडते. त्यात दोन्ही भाषांच्या प्रमाण लायब्ररीचे नाव एकच, एसटीडी. पाहुणा आत आला की घरच्या एसटीडीशी गाठ पडलीच.

आम्हा पैठणकरांना यात नवल वाटू नये. पैठणप्रमाणे प्रयागजवळच्या झूंसीचेही जुने नाव प्रतिष्ठानच! आणि तोडगाही घाटावरच दिसतो. गुरुजी संकल्प सांगतात तेव्हा जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य अशी उतरंड लावत गोदावरीच्या उत्तर तीरापर्यंत येतात. नदीपलीकडून, शेवगावकडून आलेला यजमानही इथे उत्तर तीरच म्हणतो. त्याचे घर दक्षिणेलाच राहते.

डीने पुढे हीच सोय केली. नेमस्पेस अवतरणात, नुसती स्ट्रिंग म्हणून द्यायची. ती लिंकरपुढच्या नावात उतरते, पण डीमध्ये स्कोप होत नाही; फंक्शन आपल्या मॉड्यूलच्याच नावाने ओळखले जाते. परके नाव डीचा राखीव शब्द असला तरी अडत नाही.

जुनी रीत कंपायलरने काढलेली नाही. अवतरणचिन्हे विसरली तरी कोड बहुधा निमूट कंपाइल होतो आणि वेगळाच अर्थ घेतो. म्हणून कुणाचेही बाइंडिंग तपासायला आले की मी आधी ती चिन्हे शोधतो.