वीतभर पाणी

गाडीनं काळा धूर टाकला की जो तो म्हणतो, डिझेल जास्त झालंय. पंपवाला तर म्हणणारच. पंप खोलायचे पैसे त्यालाच मिळतात. पण दोस्तांनो, बऱ्याच वेळा डिझेल तेवढंच असतं, हवा कमी पडलेली असते. श्वास कोंडला की माणूस काळानिळा होतो, इंजिन काळं होतं. एवढाच फरक.

माझा मेव्हणा वाघोलीच्या क्रशरवरून खडी वाहतो. जुना २५१८ टिपर, कर्जावर घेतलेला. पाच तारीख आली की त्याला भूक लागत नाही, हप्त्याची तारीख ती. भरल्या गाडीनं दिवे घाट चढताना टिपर धापा टाकायला लागला, मागं धुराचा लोट. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, हाय-फ्लो फिल्टर टाक. तेल लावलेल्या कापडाचा. हवा मोकळी येते, पिकअप वाढतो, आणि धुवून धुवून जन्मभर वापरा.

‘‘दाजी, टाकू का?’’

म्हटलं, थांब. आधी दुकानात जाऊ.

दुकानदार गोड बोलत होता. मी एकच विचारलं, हा फिल्टर धूळ किती सोडतो? तो माझ्याकडं बघायला लागला. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाला, ‘‘तुम्हाला कशाला एवढ्या खोलात जायचंय? गाडी पळाल्याशी मतलब.’’

खोलात जाऊ नका. हे वाक्य आमच्या घरात जुनं आहे. माझा चुलता १९७०च्या दशकात एका गॅरेजमध्ये होता. पान्याला हात लावू देत नव्हते. काम एकच, एअर क्लीनर धुवायचे. तेव्हा ऑइल बाथ असायचे. खाली वाडग्यात तेल, वर तारेची जाळी. हवा तेलावर आपटून वळायची, वळता वळता धूळ तेलात टाकायची. चुलता रॉकेलमध्ये हात घालून तो गाळ काढायचा. गाळ बघून सांगायचा, ही गाडी कोकणातनं आली, लाल आहे. ही रेगडीतनं आली, काळी. ही खडीवरची, राखाडी. बोटांच्या चिमटीत चोळून म्हणायचा, लाल माती लिसलिशीत असते, खडीची भुकटी काचेसारखी. इंजिन खाते ती ही. मेकॅनिक हसायचे. गाड्या मात्र त्याच्या सांगण्यासारख्याच उघडायला यायच्या.

आता हिशेब बघा. टिपरचं इंजिन ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं. दोन फेऱ्यांत एकदा पोट भरून हवा घेतं. २५०० फेऱ्यांवर मिनिटाला ७३०० लिटरच्या वर झाली, आणि टर्बो दाबून भरतो म्हणून खरी हवा त्याहून बरीच जास्त. दिवसभर क्रशरच्या धुळीत उभं राहून हे चाललेलं.

गंमत अशी की याच घराण्याचं इंजिन अमेरिकेत १९८९पासून डॉजच्या पिकअपमध्ये बसायला लागलं. आपल्याकडं टाटा आणि कमिन्सची भागीदारी १९९३ची, कारखाना जमशेदपूरला. तेल लावलेल्या कापडाचा फिल्टर त्या पिकअपवाल्या पोरांचा शौक. त्यांचे रस्ते डांबरी, शर्यत काही मिनिटांची, पंप वाढवून घेतलेला, म्हणजे जादा हवा लागतेच. त्यांचं तिथं बरोबर असेल. पण इंजिन तेच म्हणून हवा तीच होते का? त्यांच्या पिकअपमागं क्रशर उभा नसतो.

दुकानदारानं ट्रायलला एक फिल्टर दिला. आम्ही तो मोजायचा ठरवला. ओळखीच्या गवंड्याकडनं लेव्हलची पारदर्शक नळी आणली. ती यू आकारात फळीवर बांधली, दोन्ही बाजू चार चार फूट उंच, नाहीतर इंजिन पाणीच ओढून घ्यायचं. तळाला रंगाचं पाणी. फिल्टरच्या पुढं पाइपवर तो लाल पट्टी दाखवणारा इंडिकेटर असतो, तो काढून तिथं नळीचं एक टोक जोडलं, दुसरं उघडं. फळी केबिनमध्ये, मी शेजारी बसलो, आणि भरल्या गाडीनं घाट. इंजिन जेवढं जोर करून ओढेल तेवढं पाणी एका बाजूनं वर चढतं. दोन पातळ्यांतलं अंतर मोजायचं. बस्स.

जुना फिल्टर : सव्वा हात. अशा टर्बो इंजिनाची हद्द साधारण ६३५ मिलिमीटर, म्हणजे २५ इंच. आमचं हद्दीला टेकलेलं.

नवा कागदी फिल्टर : वीतभर.

नवा कापडी : वितीला चार बोटं कमी.

म्हणजे दुकानदार खोटं बोलत नव्हता. हवा मोकळी येते. चार बोटं. पण भोवतालच्या हवेचा सगळा दाब याच नळीत मोजला तर पाणी दहा मीटर उंच उभं राहील. दहा मीटरमधली चार बोटं! ताकद तर पंप किती डिझेल सोडतो त्यावर. धूर मेला तो जुना फिल्टर बदलल्यामुळं, आणि त्याला साधा कागद पुरला.

आता दुसरी बाजू. समजा एक फिल्टर शंभरात ९९.९ धूळ अडवतो, दुसरा ९९. ऐकायला सारखेच. पण किलोभर धूळ आली तर पहिला एक ग्रॅम आत सोडतो, दुसरा दहा. दहापट! ती भुकटी तेलात मिसळून रिंगा आणि लायनर घासते. चुलता बोटानं सांगायचा तेच. म्हणून फिल्टरच्या परीक्षेत तिन्ही गोष्टी बघतात : हवेला अडथळा किती, धूळ अडते किती, आणि तुंबेपर्यंत पोटात मावते किती. आयएसओ ५०११ नावाची पद्धत आहे. दुकानात जाऊन त्या परीक्षेचा कागद मागा. आमच्या दुकानदाराकडं नव्हता.

मग मोकळी हवा हवीच असेल तर? भोकं मोठी करून नाही, कागद वाढवून. आम्ही मोठ्या गाडीचा डबा बसवला. घड्या जास्त, म्हणजे वितभर कागदातनं जाणारी हवा सावकाश, अडथळा कमी आणि धूळही जास्त मावते. आत दुसरा छोटा सेफ्टी फिल्टर, तो धुवायचा नाही, झटकायचा नाही, फक्त बदलायचा. बाहेरचाही टायरवर आपटायचा नाही. पोरं आपटतात, कागद फाटतो, दिसत नाही. खालचं चोचीसारखं रबर जागेवर पाहिजे, धूळ तिथनं गळते. फिल्टरच्या पुढच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला भुकटी लागली तर फिल्टर कुठलाही असू द्या, क्लॅम्प नाहीतर होज गळतोय.

डबा बसवत होतो तेव्हा क्रशरवरच्या दोन बाया बघत उभ्या होत्या. एकीनं विचारलं, ‘‘एकात एक दोन कशाला?’’ सांगितलं, एक फाटला तर दुसरा. ती पदर नाकावर ओढून परत घमेल्याकडं गेली. इंजिनाला दोन, तिला तो पदर. पदरातनं किती जाते ते मोजायची नळी माझ्याकडं नव्हती. ते मोजायचं काम बाकी आहे.

मोठ्या डब्यानं घाटात पाणी वितीच्या खाली राहिलं, कापडीच्या जवळपास. मेव्हणा आता दर पंधरवड्याला स्वतः इंडिकेटर बघतो, लाल होईपर्यंत फिल्टरला हात लावत नाही. थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा चांगलं गाळतो, हे त्याला पटायला वेळ लागला.

ट्रायलचा फिल्टर धुवून परत केला. दुकानदारानं विचारलं, पसंत नाही पडला? मेव्हण्यानं चार बोटं दाखवली. त्याला काही कळलं नाही.

नळी दुसऱ्या एका टिपरवाल्यानं मागून नेलीय. गवंडी रोज मागतोय.