सांगून मोकळा!

उमरग्याला हायवेच्या कडेला आमच्या अण्णांचं छोटंसं हॉटेल आहे. सोलापूर-हैदराबादची एखादी गाडी थांबली की एकदम वीस-पंचवीस गिऱ्हाईकं उतरतात. पोऱ्या एका टेबलाची ऑर्डर घेतो, भट्टीकडे बघून "दोन चहा, एक भजी!" ओरडतो आणि चहाची वाट न बघता पुढच्या टेबलाकडे वळतो. याला असिंक्रोनस प्रोग्रामिंग म्हणतात हे मला इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं!

फायनल इयरच्या प्रोजेक्टला आम्ही रस्ट घेतली (थोडा भाव खायला, खोटं कशाला बोलू?). शेतातल्या सेन्सरची रीडिंग घ्यायची आणि फाईलमध्ये साठवायची, एवढंच काम. रस्टमध्ये असिंक-अवेट नोव्हेंबर २०१९ मध्ये, १.३९ आवृत्तीत पक्कं झालं. त्यात असिंक फंक्शनला नुसती हाक मारली तर काहीच होत नाही. हातात येतं ते फ्यूचर, म्हणजे खिशातली चिठ्ठी. टोकिओ लायब्ररीचं 'स्पॉन' म्हणजे ती चिठ्ठी भट्टीवर देणं. काम आपोआप सुरू, आपण पुढच्या टेबलाकडे. मात्र टास्क आपल्या फंक्शनपेक्षा जास्त जगू शकतं, म्हणून कंपायलर त्याला डेटा उसना देऊ देत नाही. 'मूव्ह' लिहून मालकीच द्यावी लागते.

पहिल्या रात्री पाच टास्क सोडले. स्क्रीनवर एक ओळ नाही! मेन संपला, रनटाइम बंद झाला, टास्क अर्ध्यावर गेले. भजी कढईत आणि मालकानं शटर ओढलं, तसं.

दुसरी चूक मोठी होती. स्पॉन आपल्याला एक जॉइन हँडल परत देतं. आम्ही ते टाकून दिलं. त्यानं टास्क थांबत नाही, पण ते पॅनिक होऊन मेलं तर विचारायला कुणी उरत नाही. टर्मिनलवर फार तर एक ओळ उमटते. एका रात्री आकड्याऐवजी भलतंच काही आलं, फाईल लिहिणारं टास्क मेलं आणि सर्व्हर सकाळपर्यंत ऐटीत चालू! रात्रभराची रीडिंग गेली.

त्याच आठवड्यात अण्णांचा फोन. "अरे, पोरीच्या फॉर्मचं काय झालं?"

धाकट्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म. महिन्यापूर्वी गावाकडच्या मित्राला कागदं पाठवून "भर रे तेवढा" म्हणालो होतो. त्या दिवशी साइट बंद होती, नंतर तो विसरला. मी एकदाही विचारलं नाही. मुदत संपून चार दिवस झाले होते.

अण्णा एवढंच म्हणाले, "असू दे. फीचं बघतो मी. तू अभ्यास कर." ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री झोप आली नाही. कोड उघडला. सगळी हँडल एका व्हेक्टरमध्ये ठेवली, प्रत्येकाला अवेट केलं, ओके आलं की एरर ते तपासलं. वीस-एक ओळींचं काम. आधीच केलं असतं तर...

असो. अण्णा रोज रात्री शटर ओढण्याआधी आत डोकावून विचारतात, "कुणाचं काय राहिलंय का रे?" इतकी वर्षं मला ती नुसती सवय वाटायची.

मित्रांनो, कामं बिनधास्त सोपवा. पण हँडल टाकू नका. बहिणीचा पुढच्या वर्षीचा फॉर्म मी स्वतः भरला, पावती डोळ्यांनी पाहिली आणि मगच अण्णांना फोन लावला.