डेल्सचं देणं

इंग्लंडमध्ये मला नोकरी एका सरकारी रुग्णालयाने दिली, राहायला खोली एका घरमालकाने दिली आणि त्या दोन्हींचे कागद माझ्या कपाटात आहेत. पण मी तिथली झाले ती यॉर्कशर डेल्स या डोंगरखोऱ्यांतल्या पायवाटांमुळे, आणि त्या पायवाटांवर मला घेऊन गेलं शेजारचं एक म्हातारं जोडपं. त्याचा कागद कुठे नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी साताऱ्याची. 2003 साली नर्स म्हणून लीड्सला गेले. त्या सुमारास भारतातून पुष्कळ मुली अशा गेल्या. नवऱ्याचा व्हिसा लांबला होता, रात्रपाळ्या होत्या, आणि दुपारी चारलाच काळोख पडायचा. नोव्हेंबरच्या पाच तारखेला, म्हणजे तिथल्या शेकोट्यांच्या आणि फटाक्यांच्या रात्री, दार वाजलं. शेजारच्या बाई बशी घेऊन उभ्या होत्या. बशीत पार्किन होता, म्हणजे ओटचं भरड पीठ, काकवीसारखा काळा पाक आणि भरपूर सुंठ घातलेला चिकट केक. ‘‘आज रात्री हा खायचाच असतो,’’ एवढं बोलून त्या गेल्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे पुढे मी दोघांना नावानेच हाक मारू लागले, पण आईशी फोनवर बोलताना ते कायम ‘आमचे शेजारचे काका-काकू’ असत. इथेही तसंच म्हणते.

काका रेल्वेतून निवृत्त झाले होते. त्यांचा सगळा जीव सेटल-कार्लाइल मार्गावर. 1876 पासून त्यावरून प्रवासी गाड्या धावतात. लीड्सहून गाडी निघाली की स्किप्टनपर्यंत ते शांत बसत. सेटल मागे पडलं की खिडकीकडची जागा मला द्यायचे आणि बोलायला लागायचे. रिबलहेडचा चोवीस कमानींचा दगडी पूल आला की आधी त्याची भव्यता नव्हे, तो बांधणारे मजूर सांगायचे. उघड्या माळावर, वाऱ्यापावसात, झोपड्यांत राहून त्यांनी तो उभा केला. जवळच्या चॅपल-ले-डेलच्या चर्चच्या आवारात त्यांच्या आणि त्यांच्या बायकामुलांच्या कबरी आहेत. काकांनी मला पूल जवळून दाखवायच्या आधी तिथे नेलं. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

1980 च्या दशकात हा मार्ग बंद करायचं घाटत होतं. पुलाची दुरुस्ती परवडत नाही, असं कारण होतं. लोकांनी बावीस हजारांवर हरकती नोंदवल्या. त्यांत एक हरकत रसवॉर्प नावाच्या कुत्र्याची होती, सहीच्या जागी पंजाचा ठसा. कुत्र्याचंही तिकीट काढलं जायचं, म्हणून तोही प्रवासीच. 1989 साली मार्ग वाचला. पुढच्याच जानेवारीत रसवॉर्पचे मालक ग्रॅहम नटल वेल्सच्या डोंगरांत फिरायला गेले ते परतले नाहीत. अकरा आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला तेव्हा रसवॉर्प त्याच्याजवळच होता. मालकाच्या अंत्यसंस्कारापर्यंत तो जगला आणि थोड्याच दिवसांत गेला. 2009 साली गार्सडेल स्टेशनच्या फलाटावर त्याचा पुतळा बसवला. काका त्या पुतळ्याच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय स्टेशनाबाहेर पडत नसत.

गार्सडेलहून हॉझ गाव नऊ-दहा किलोमीटर. स्वयंसेवक चालवतात ती ‘लिटल व्हाइट बस’ हल्ली तिथे नेते, पूर्वी हॉझला जायचं असलं की आम्ही रेल्वेऐवजी काकांच्या गाडीनेच जायचो. मंगळवारी बाजार असतो. वेन्स्लीडेल चीजचं हे गाव. फ्रान्सहून आलेल्या सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी या खोऱ्यात चीज करायला सुरुवात केली, मग ती कला शेतकऱ्यांच्या बायकांच्या हातात आली. 1930 च्या दशकातल्या मंदीत इथला कारखाना बुडत होता. तेव्हा किट कॅलव्हर्ट या गावच्या माणसाने शेतकऱ्यांना एकत्र आणून तो वाचवला. 1992 मध्ये मोठ्या कंपनीने तो बंद करून उत्पादन लँकाशरला नेलं. यॉर्कशरचं चीज लँकाशरला! काकूंचा आवाज हे सांगताना इतक्या वर्षांनीही चढायचा. काही महिन्यांतच तिथल्याच जुन्या व्यवस्थापकांनी कारखाना विकत घेतला आणि नाताळच्या आत पुन्हा चीज तयार झालं.

त्याच गावातल्या बाकावर बसून काकूंनी मला ते खायला शिकवलं. डब्यातून सुक्यामेव्याच्या काळपट, ओलसर केकचा जाड तुकडा काढला. त्यावर तेवढ्याच आकाराचा पांढरट चीजचा तुकडा ठेवला, हाताने दाबला आणि माझ्यापुढे धरला. चीज कडेने भुगा होऊन माझ्या ओच्यात पडत होतं. केकबरोबर चीज ही कल्पनाच मला पटत नव्हती. पण पुरणपोळीबरोबर कटाची आमटी हवीच, तसं ते निघालं. केकमधल्या मनुकांचा गोडवा, चीजचा हलका आंबटपणा आणि मागून येणारी मधासारखी चव. तेव्हापासून नुसता फ्रूट केक मला अर्धवट वाटतो.

रविवारच्या जेवणाचं मात्र वेगळं सांगायला हवं. यॉर्कशर पुडिंग म्हणजे अंडी, मैदा आणि दुधाचं पातळ पीठ, कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुगवलेलं. काकूंच्या घरी ते जुन्या पद्धतीने मांसाच्या आधी, नुसत्या ग्रेव्हीबरोबर वाढत. पोट आधी पिठाने भरलं की महागाचं मांस कमी लागतं, असा गरिबीतल्या घरांचा हिशेब. ही चरबी परंपरेने बीफची असते. मी बीफ खात नाही, हे मी एकदाच, तेही संकोचत सांगितलं होतं. पुढच्या रविवारी काकूंच्या ओट्यावर दोन ट्रे होते. दुसरा नवा कोरा, लहान, त्याच्या कडीला लाल लोकरीचा धागा बांधलेला. त्यात सूर्यफुलाचं तेल. ग्रेव्हीही वेगळी, कांदा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परतून केलेली. तो ट्रे धुवायची घासणीसुद्धा वेगळी होती.

वेगळं भांडं म्हटलं की आपल्या मनात काय काय येतं. कुणासाठी तरी गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या कपबश्या मी लहानपणी आजोळी पाहिल्या आहेत. त्या मी विसरलेले नाही, विसरूही नयेत. आणि इथे एका परक्या बाईने, माझ्या ताटात मला नको ते चुकूनही येऊ नये म्हणून, स्वतःच्या स्वयंपाकघरात वेगळं भांडं आणलं. त्या धाग्याकडे पाहून मला जेवण जाईना. काकूंना वाटलं, मीठ कमी पडलं.

चालणं मी काकांकडून शिकले. त्यांच्या खिशात ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा असायचा. त्यावरच्या हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. त्या खासगी शेतांतून, गुरांच्या कुरणांतून, कधी कुणाच्या अंगणालगत जातात, आणि त्यांवरून चालायचा हक्क कायद्याने सर्वांना आहे. 1949 च्या कायद्याने या वाटांची अधिकृत नोंद व्हायला लागली. पहिल्यांदा एका शेताच्या फाटकापाशी मी थबकले. कुणी हटकलं तर? माझा रंग, माझा उच्चार, सगळं मनात आलं. काकांनी नकाशा फाटकावर पसरला, त्या रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘‘ही वाट जितकी माझी, तितकी तुझी.’’ रुग्णालयाच्या ओळखपत्राने, व्हिसाच्या शिक्क्याने मला जे दिलं नव्हतं, ते त्या फाटकापाशी मिळालं. पाहुणी म्हणून नव्हे, हक्काने चालायचं. 2001 साली गुरांना लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा याच वाटा बंद झाल्या होत्या. त्या वर्षाबद्दल काका एखाद्या आजारपणाबद्दल बोलावं तसे हळू बोलायचे.

दगडी कुंपणं वाचायलाही त्यांनीच शिकवलं. डेल्समध्ये अशी हजारो किलोमीटर कुंपणं आहेत, चुना-सिमेंटचा कणही नाही. दोन भिंती आत झुकत वर जातात, मध्ये बारीक दगडांची भर, ठरावीक उंचीवर दोन्ही भिंतींना बांधणारे आडवे लांब दगड, आणि माथ्यावर उभे रचलेले. वाटेत एखादा दगड निखळलेला दिसला की काका तो उचलून, फिरवून फिरवून, त्याची जागा सापडेपर्यंत बसवून पाहायचे.

जूनमध्ये आम्ही हॉझहून बटरटब्स खिंड ओलांडून म्युकरला जायचो. खिंडीत चुनखडीची खोल विवरं आहेत. बाजाराला जाताना शेतकरी त्यांत लोणी गार ठेवायचे, अशी आख्यायिका आहे. पलीकडे म्युकरची गवताची कुरणं, जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या फुलांनी भरलेली. चारा तुडवला जाऊ नये म्हणून एकामागे एक चालायचं. इंग्लंड-वेल्समधली अशी 97 टक्के कुरणं 1930 च्या दशकापासून नाहीशी झाली, म्हणून उरलेल्यांना इतकं जपतात. त्यावरून मी त्यांना आमच्या साताऱ्याजवळच्या, फुलांच्या कास पठाराबद्दल सांगितलं. 2010 च्या सप्टेंबरात ती दोघं साताऱ्याला आली. कासला काका पाय कुठे पडतोय ते बघत चालत होते, गुडघ्यावर बसून फुलं पाहत होते, आणि आईने केलेलं पिठलं काकूंनी दोनदा मागून घेतलं. माझ्या देण्यातलं तेवढंच फिटलं असेल.

काका गेल्यावर काकू एकट्या पडल्या. गाडी त्या कधी चालवतच नव्हत्या. एका मंगळवारी त्यांनी विचारलं, ‘‘मला हॉझला नेशील?’’ इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. आम्ही दुकानात गेलो, त्यांनी चीज चाखून निवडलं, दुकानदाराशी भावावरून हुज्जत घातली आणि पैसे मला देऊ दिले. तेही पहिल्यांदाच.

आता लीड्सला नव्याने येणाऱ्या आपल्या मुलींना मी त्या वाटेने नेते. तुम्ही गेलात तर गार्सडेलला उतरा, हॉझमध्ये केक आणि चीज एकत्र घ्या, ग्रीन ड्रॅगन या पबमागचा हार्ड्रॉचा धबधबा पाहा. शेताचं फाटक जसं आढळेल तसंच ठेवून पुढे जा. आणि बीफ खात नसाल तर पुडिंग कशात भाजलंय ते निःसंकोच विचारा. तिथली माणसं त्या प्रश्नाने दुखावत नाहीत, आत जाऊन विचारून येतात.