अठरावा स्तंभ

आवर्तसारणी शिकवताना मेंडेलीव्हच्या रिकाम्या घरांची गोष्ट हमखास सांगितली जाते. १८६९ मध्ये त्याने तोवर माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली. गुणधर्म जुळेनात तिथे घर मोकळे सोडले. पुढे गॅलिअम (१८७५), स्कँडिअम (१८७९) आणि जर्मेनिअम (१८८६) सापडली आणि त्या घरांत चपखल बसली. मीही ही गोष्ट वर्गात रंगवून सांगत आलो आहे. पण असेंद्रिय रसायनशास्त्रात इतकी वर्षे काढल्यावर मला सारणीची खरी परीक्षा दुसरीकडेच झालेली दिसते. ज्यांच्यासाठी मेंडेलीव्हने एकही घर ठेवले नव्हते अशा मूलद्रव्यांची अख्खी उभी रांग त्याच्या हयातीतच सापडली. सारणीच्या उजव्या कडेला दिसणारा तो अठरावा स्तंभ, म्हणजे राजवायू.

सुरुवात झाली ती वजनातल्या एका फरकापासून. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले वायूंची घनता मोजत होते. हवेतून बाकीचे घटक काढून मिळवलेला नायट्रोजन लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरे, तर संयुगांपासून तयार केलेला १.२५१ ग्रॅमच्या आसपास. फरक अवघा अर्धा टक्का. रॅले यांनी तो सोडून दिला नाही. १८९२ मध्ये त्यांनी ‘नेचर’ला पत्र लिहून रसायनतज्ज्ञांनाच कारण विचारले. विल्यम रॅम्झी यांनी ते काम अंगावर घेतले. हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशिअमवरून पुन्हा पुन्हा नेला की मॅग्नेशिअम तो शोषून घेते. तरीही थोडा वायू उरला, आणि त्याच्या वर्णपटात कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नसलेल्या रेषा दिसल्या. १८९४ च्या ऑगस्टमध्ये दोघांनी नव्या वायूची घोषणा केली. हा अरगॉन. हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशच्या नळीत असाच एक न संपणारा बुडबुडा उरला होता आणि त्याने त्याची नोंदही करून ठेवली होती. शंभरावर वर्षे ती नोंद पुस्तकात पडून होती. हे वाचताना मला आजही हळहळ वाटते.

अरगॉन मिळाला, पण ठेवायचा कुठे? त्याच्या विशिष्ट उष्मांवरून तो एकाण्विक असल्याचे दिसत होते. म्हणजे रेणुभार हाच अणुभार, ४० च्या जवळ. तिथे तर पोटॅशिअम आणि कॅल्शिअम आधीच बसलेले. शिवाय तो कशाशीच संयोग पावत नव्हता, मग गुणधर्म जुळवायचे तरी कशाशी? खुद्द मेंडेलीव्हने शंका घेतली की हे मूलद्रव्य नसून तीन अणू एकत्र आलेला नायट्रोजनच असावा. त्याला हट्टी ठरवणे सोपे आहे. मला मात्र त्याची शंका रास्त वाटते. नायट्रोजनचे तीन अणू म्हणजे ४२, आणि मोजमाप त्याच्या जवळपासच येत होते.

एकटा अरगॉन असता तर हा वाद किती काळ चालला असता कोण जाणे. पण १८९५ मध्ये रॅम्झींनी क्लेव्हाइट या युरेनिअमच्या खनिजातून निघणारा वायू तपासला आणि त्यांना एक ठळक पिवळी रेषा दिसली. ती सूर्याच्या वर्णपटात १८६८ पासून माहीत असलेल्या हेलिअमची होती. इथे आपल्याकडच्या एका समजाविषयी बोलले पाहिजे. हेलिअम विजयदुर्गच्या किल्ल्यावर सापडला असे कोकणात अभिमानाने सांगतात आणि ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. पण तो शोध तिथला नाही. १८६८ च्या ऑगस्टमधील खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि नॉर्मन लॉकियर यांनी सौरज्वालांचा वर्णपट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहणाविना, इंग्लंडमधून घेतला. लॉकियर विजयदुर्गला आले हे मात्र पूर्ण खरे, ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या किल्ल्याचा खगोलशास्त्राशी असलेला संबंध एवढ्यानेही पुरेसा मोलाचा आहे.

त्याच १८९८ च्या मे ते जुलैमध्ये रॅम्झी आणि त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेचे आणि अरगॉनचे अंश वेगळे करत क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधले. हेच ट्रॅव्हर्स पुढे जमशेटजी टाटांच्या स्वप्नातल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

आता पाच वायू हाताशी होते आणि त्यांचे अणुभार पाहताच चित्र स्वच्छ झाले. हेलिअम सोडला तर प्रत्येकाची जागा एका हॅलोजननंतर आणि एका अल्क धातूच्या आधी. फ्लुओरिन, निऑन, सोडिअम. क्लोरिन, अरगॉन, पोटॅशिअम. ब्रोमिन, क्रिप्टॉन, रुबिडिअम. जुन्या एकाही मूलद्रव्याला आपला गण सोडावा लागला नाही. मेंडेलीव्हला तिथे पोकळी दिसणे शक्यच नव्हते, कारण रांगेतले एखादे मूलद्रव्य गायब असेल तर शेजारी त्याचा पत्ता देतात. इथे रांगच्या रांग अज्ञात होती. अखेर त्याने संयुजा शून्य असलेला ‘शून्य गण’ म्हणून ही रांग स्वीकारली.

अरगॉन पोटॅशिअमपेक्षा जड असूनही त्याच्या आधी का, हा काटा तेवढा सलत राहिला. १९१३ मध्ये हेन्री मोझली यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनी दाखवले की क्रम ठरतो तो केंद्रकावरच्या धनप्रभारावरून, म्हणजे अणुअंकावरून. अरगॉन १८, पोटॅशिअम १९. पण मग अरगॉन इतका जड का? याचे उत्तर मला फार आवडते. पृथ्वीच्या हवेतला जवळजवळ सगळा अरगॉन ४० अणुवस्तुमानाचा आहे, आणि तो खडकांतल्या किरणोत्सारी पोटॅशिअम-४० च्या क्षयातून अब्जावधी वर्षांत जमला आहे. सूर्यावरचा अरगॉन प्रामुख्याने ३६ चा. ज्या पोटॅशिअममुळे अरगॉनच्या जागेचा घोळ झाला, त्यानेच त्याला जड करून ठेवले होते.

इलेक्ट्रॉनांची कवचे कळल्यावर या स्तंभाचे खरे वजन लक्षात आले. २, १०, १८, ३६, ५४, ८६ या आकड्यांना अणूची रचना विशेष स्थिर होते. सोडिअम एक इलेक्ट्रॉन सोडतो तेव्हा त्याची रचना निऑनसारखी होते. क्लोरिन एक घेतो तेव्हा अरगॉनसारखी. गुणधर्मांची पुनरावृत्ती का होते हे मेंडेलीव्हला सांगता आले नव्हते, ते या काहीच न करणाऱ्या वायूंनी सांगितले. म्हणून मी विद्यार्थ्यांना सारणी उजवीकडून वाचायला लावतो.

‘निष्क्रिय’ हे विशेषण मात्र आता जपून वापरावे. नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये व्हँकूव्हरला प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडशी झेनॉनची अभिक्रिया घडवून त्याचे संयुग मिळवले. हेलिअमचे घर निऑनवर की बेरिलिअमवर, याचाही वाद आहे, कारण बेरिलिअमसारखेच त्याच्या बाह्य कवचात दोन इलेक्ट्रॉन असतात. माझे मत निऑनच्या बाजूने आहे. हेलिअमचे ते कवच दोनातच भरते, बेरिलिअमचे भरत नाही. स्तंभाच्या तळाला ११८ अणुअंकाचा ओगानेसॉन आहे. आजवर त्याचे मोजकेच अणू तयार झाले, तेही मिलिसेकंदाहून कमी टिकणारे. सैद्धांतिक गणिते सांगतात की तो सामान्य तापमानाला वायू नसून घनरूप असावा आणि वरच्या भावंडांपेक्षा बराच क्रियाशील असावा. भिंतीवरच्या छापील तक्त्यांत त्यालाही सरसकट राजवायूंचा रंग दिलेला असतो. मी तक्ता छापला, तर ते घर कोरे ठेवेन.