पारा कुठं टांगला होता?

संपादकांचा निरोप मोजका होता : ध्रुवाकडच्या थंडीवर लिहा, ते हिरवे प्रकाश येऊ द्या आणि तांत्रिक काही नको. पहिल्या दोन गोष्टी जमतील. तिसरीचा शब्द देत नाही. परभणीत कृषी हवामानाच्या नोंदी घेण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला थंडीबद्दल बोल म्हणायचं आणि वर तापमापीचं नाव काढू नको म्हणायचं, म्हणजे पंगतीला बसवून हात बांधण्यासारखं आहे.

जानेवारीत मी आणि सौ. नॉर्वेच्या किनाऱ्यानं बोटीतून गेलो. बर्गनहून निघायचं, रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला पोहोचायचं आणि परत फिरायचं. बारा दिवस, 34 बंदरं. 1893 पासून चालू असलेल्या या सेवेचं नाव हुर्टिग्रुटेन, म्हणजे 'जलद मार्ग'. तिचा स्वभाव मात्र आपल्या लाल डब्याचा. वर पर्यटक गरम चॉकलेट पीत बसलेले आणि खाली रात्री दोन वाजताही कुठल्यातरी धक्क्यावर खोकी उतरत असतात. आर्क्टिक वृत्त ओलांडलं तेव्हा सगळ्यांच्या मानेवर डावभर बर्फाचं पाणी ओतलं गेलं. सौ. म्हणाल्या, "यासाठी एवढे पैसे भरले?"

ट्रोम्सो आलं. 69 अंश उत्तर, म्हणजे परभणीहून पन्नास अंश वर. सूर्य उगवत नव्हता. दुपारी तासदोन तास निळसर उजेड, की पुन्हा अंधार. मी खिशातली तापमापी डेकच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. दहा मिनिटांनी पाहिलं तर अधिक 1. शेजारी जिंतूरकडचे एक सहप्रवासी होते. त्यांनी झटकन फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला : 'ध्रुवाजवळ 1, परभणीत 4. आपले हवामानतज्ज्ञ स्वतः मोजताना!' मी घरी पोहोचायच्या आत तो फोटो मला तीन ठिकाणांहून परत आला. तो अजून डाचतो. का, ते शेवटी सांगतो.

आधी माझं जुनं दुखणं. दर डिसेंबरला बातमी येते, 'परभणीचा पारा घसरला.' मुळात किमान तापमापीत पारा नसतोच. तिच्यात अल्कोहोल असतं आणि त्यात बुडालेली काचेची एक बारीक काडी. थंडी वाढली की अल्कोहोल आकसतं आणि काडीला मागं ओढतं. ऊब आली की अल्कोहोल पुढं सरकतं, काडी मात्र तिथंच राहते. सकाळी आपण त्या काडीचं टोक वाचतो. मग प्रश्न येतो, कृषी विद्यापीठाचा आकडा शहराच्या आकड्याहून कमी कसा? कोण खोटं बोलतंय? कोणीच नाही. तापमापी ठेवतात ती झडपांची पांढरी पेटी जमिनीपासून चार फुटांवर असते. ती मोकळ्या रानात ठेवा नाहीतर दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या घरांमध्ये, दोन्ही आकडे खरेच येतील आणि वेगळेही येतील. त्यातही गवतालगत तापमापी ठेवली, तर निरभ्र रात्री ती पेटीपेक्षा दोन-चार अंश खाली जाते. म्हणून पेटीत 4 असतानाही हरभऱ्याच्या पानावर दहिवर गोठू शकतं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, तो पहाटे पान चुरगाळून बघतो. फोन करणारा बातमीदार मात्र विचारतो, "सर, एकच आकडा सांगा ना!"

ट्रोम्सोची थंडी त्या मानानं मवाळ असते, यात नवल नाही. तिथला समुद्र हिवाळ्यातही गोठत नाही. तो उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो आणि नैऋत्येचे वारे ती किनाऱ्यावर आणतात. याचं सगळं श्रेय एकट्या गल्फ प्रवाहाचं की वाऱ्यांचंही, यावर शास्त्रज्ञ भांडतात. मी वाऱ्यांच्या बाजूचा. समुद्राची माया सुटली की काय होतं, ते आत डोंगरांपलीकडच्या कारासयोकला विचारा. तिथं 1 जानेवारी 1886 रोजी उणे 51.4 अंशांची नोंद झाली. नॉर्वेचा नीचांक आजही तोच.

आता हिरवे प्रकाश. थंडीमुळं ते दिसतात, हा गैरसमज आहे. सूर्याकडून आलेले कण शंभर किलोमीटर आणि त्याहून वरच्या विरळ हवेवर आदळतात, प्राणवायू उजळतो आणि हिरवा दिसतो. खाली थंडी किती आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अंधार हवा आणि ढग नकोत. आमचे तीन दिवस ढगातच गेले. चौथ्या रात्री होनिंग्सवोगच्या पुढं आभाळ फाटलं आणि स्पीकरवरून हाक आली. डोळ्यांना तो पट्टा राखाडीच दिसला, फोनमध्ये हिरवागार. लोक टाळ्या वाजवत होते. मला मात्र तासाभरात वाढलेला गारठा जाणवत होता. ढगांचं पांघरूण निघालं की जमिनीची ऊब सरळ आभाळात जाते. असंच आभाळ आमच्याकडं मोकळं झालं की बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा, पिकाला हलकं पाणी द्यायचं आणि रात्र जागायची. एकाच निरभ्र रात्रीचे दोन भाव.

आणि तो फोटो? त्या दिवशी बोटीच्या फलकावर उणे 4 होतं. माझी तापमापी आतून तापवलेल्या भिंतीला टेकली होती. ती ट्रोम्सोची हवा मोजत नव्हती, बोटीचं जेवणघर मोजत होती. विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवतो ती चूक माझ्या हातून झाली, आणि तीही पुराव्यासह. गटावर मी खुलासा लिहिला, चांगला बारा ओळींचा. तो कोणी पुढं पाठवला नाही.

वहीत त्या तारखेपुढं लिहून ठेवलंय : 'नोंद रद्द. भिंतीला चिकटून.' सौ.नी ते वाचलं.

"म्हणजे ट्रोम्सोला किती थंडी होती, ते तुम्ही मोजलंच नाही?"

"नाही."

"मला विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "दोन स्वेटर आणि एक शाल."