रक्तातला आकडा

चॅपेल हिल, नॉर्थ कॅरोलिना

15 जुलै 2024, सोमवार
बालरोग विभागातली एक तरुण डॉक्टर संशोधनाचा आराखडा घेऊन आली. क्षयासाठी रिफॅम्पिसिन आणि एचआयव्हीसाठी डोल्युटेग्रॅविर, दोन्ही चालू असलेल्या मुलांचा अभ्यास. रक्त एकदाच, डोसनंतर दोन तासांनी काढायचं म्हणाली. तेव्हा तर पातळी चढतीच असणार! पुढच्या डोसच्या आधी रक्तात किती उरतं, ते कळायला हवं. रिफॅम्पिसिनमुळे यकृतातली एन्झाइम्स वाढतात आणि डोल्युटेग्रॅविर लवकर संपतं. म्हणून तर मोठ्यांना ते 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात.

मास स्पेक्ट्रोमीटर एकेका विभागाला परवडत नाही, म्हणून आमची प्रयोगशाळा सगळ्यांची सामायिक. लोक येतात मशीनसाठी. पण रक्त कधी काढायचं, कोणत्या नळीत, कितीत भागेल, हे बोलणं आधी व्हायला हवं. भलत्या वेळी काढलेलं रक्त कुठल्याच मशीनला सुधारता येत नाही, आणि लहान मुलाला उगाच सुई टोचलेली मला सहन होत नाही.

18 जुलै, गुरुवार
बॅच रद्द. प्रमाण आधीच माहीत असलेल्या क्यूसी सँपल्सपैकी निदान दोन तृतीयांश तरी 15 टक्क्यांच्या फरकात बसावी लागतात. बसली नाहीत. रुग्णांचे आकडे दिसायला चांगले होते, तरी पाठवले नाहीत. उद्या पुन्हा.

24 जुलै, बुधवार
म्युनिकच्या एड्स परिषदेत आज एचआयव्ही प्रतिबंधाच्या 'पर्पज 1' चाचणीचे निकाल मांडले गेले. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणी. सहा महिन्यांनी एकदा लेनाकापॅविरचं इंजेक्शन घेणाऱ्या 2134 जणींपैकी एकीलाही संसर्ग नाही. दुपारी सगळे याच आनंदात होतो.

मी मात्र रोजच्या गोळीच्या गटांपाशी थांबले. तिथे 55 जणींना संसर्ग झाला. औषध कुचकामी म्हणायचं का? उत्तर रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यांत सापडलं. गोळीतलं टेनोफोविर तांबड्या पेशींत शिरून डायफॉस्फेटच्या रूपात साठतं आणि निम्मं व्हायला साधारण 17 दिवस घेतं. त्यामुळे कागदावरचा ठिपका गेल्या कित्येक आठवड्यांचा हिशेब देतो. बहुतेकींमध्ये पातळी कमी होती आणि काळाबरोबर आणखी घसरत गेली. दोन गोळ्यांपैकी नव्या गोळीच्या गटात ज्यांची पातळी बरी होती, त्यांना संसर्गाचा धोका पुष्कळ कमी होता.

म्हणजे गोळी पोटात गेली तर काम करते. ती रोज पोटात जाणं अवघड आहे. घरात डबी कुणी पाहिली तर काय, हा प्रश्न ज्या मुलीपुढे आहे तिला 'बेजबाबदार' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आकडा तिच्यावर ठपका ठेवायला नसतो. तिला दुसरा उपाय हवा आहे, हे आम्हाला कळावं म्हणून तो काढायचा.

27 जुलै, शनिवार
पुण्याला सिस्टरांना फोन. आम्ही ससून रुग्णालयात एकत्र होतो, बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून गरोदर बायकांना देत असलेल्या नेव्हिरपिनच्या गोष्टी अजून निघतात. आता त्या एचआयव्ही उपचारांच्या एआरटी केंद्रावर समुपदेशन करतात.

"क्षयाच्या पेशंटला बारा तासांनी जादा गोळी देतो गं," त्या म्हणाल्या, "पण रात्रपाळीवाल्याचे बारा तास कुठून मोजायचे, सांग."

"तुम्ही काय सांगता त्यांना, सिस्टर?"

"कामावर निघताना एक, घरी आल्यावर एक. घड्याळ नाही सांगत."

29 जुलै, सोमवार
डॉक्टर पुन्हा आली. डोसच्या आधीचं सँपल धरलंय. मी सिस्टरांचं बोलणं सांगितलं. मग तिच्या फॉर्मात एक रकाना वाढला: शेवटचा डोस नक्की किती वाजता, कुणी दिला. तो रिकामा असला तर आमचा आकडा वाचताच येत नाही.

ठिपक्याचा कागदही घ्यायचं ठरलं, टेनोफोविर घेणाऱ्या थोड्या मोठ्या मुलांसाठी. आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते, त्याच दिवशी. यावर मी हट्ट धरला. दक्षिण आफ्रिकेतल्या रेडिअंट-टीबी चाचणीत रिफॅम्पिसिनसोबत डोल्युटेग्रॅविरची दिवसाला एकच गोळी घेणाऱ्या मोठ्या माणसांतही बहुतेकांचा विषाणू दबलेला राहिला होता. पातळी कमी आली की लगेच डोस वाढवा, असं कुणी आमच्या कागदावरून ठरवू नये.

पहिली सँपल्स सप्टेंबरात येतील. उणे 80च्या फ्रीझरमधला खालचा कप्पा त्यांच्यासाठी रिकामा करायला सांगितलाय.