एकाच रस्त्याने तीन सकाळी

"बाबा, तिथे काय आहे?"

कामासाठी परगावी गेलो की माझी दहा वर्षांची लेक रात्री फोनवर हमखास विचारते. माझं उत्तरही ठरलेलं, "मीटिंग." जबलपूरला गेलो तेव्हा पहिल्या रात्री तेच सांगितलं. ती म्हणाली, "मीटिंग तर पुण्यातही असते," आणि फोन आईकडे देऊन टाकला.

ते मनाला लागलं. इतकी वर्षं दौरे केले, पण मला आठवतात ती फक्त हॉटेलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचचा गजर लावून बाहेर पडलो. डिसेंबरची थंडी होती. विचारत विचारत सराफा बाजारापर्यंत आलो, तर समोर भली मोठी कमान. हे कमानिया गेट. नावातली 'कमान' मराठी कानाला लगेच ओळखू आली. दुकानं बंद होती. कमानीखालून दूधवाले आणि सायकली तेवढ्या जात होत्या. 1817 पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, हे वाचलेलं होतं. मग काय, फोटो काढला आणि लेकीला पाठवला. खाली लिहिलं, "भोसल्यांच्या काळातला दरवाजा!"

तिसऱ्या दिवशी वाट चुकायला नको म्हणून त्याच रस्त्याने गेलो. जवळच्या टपरीवर चहा घेताना माझं ज्ञान पाजळलं. चहावाले काका हसले. "कौन से राजा, भाईसाब? ये तो सुभाष बाबू के टाइम का है।"

मी चाटच पडलो. जवळच्या त्रिपुरीला 1939 च्या मार्चमध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभी सीतारामय्यांना दोनशेहून जास्त मतांनी हरवून सुभाषबाबू अध्यक्ष झाले होते. अंगात सणकून ताप असताना ते अधिवेशनाला आले. त्यांना स्ट्रेचरवरून आणावं लागलं होतं. हे गेट त्याच अधिवेशनाची आठवण आहे.

रात्री लेकीला फोन करून आधी चूक कबूल केली. मग सगळी गोष्ट सांगितली. ती गप्प राहून ऐकत होती.

"मग ते जिंकले ना?"

"जिंकले. पण पक्षातल्या मोठ्या नेत्यांशी पटेना. एप्रिलअखेर राजीनामा दिला."

"जिंकूनसुद्धा?"

त्या एका प्रश्नावर आम्ही अर्धा तास बोललो. इतका वेळ आम्ही फोनवर कधीच बोललो नव्हतो.

शेवटच्या सकाळी पुन्हा तिथेच गेलो. कमान तीच होती, पण या वेळी तिच्याखालून जाताना पावलं आपोआप हळू झाली. काकांनी न विचारता चहा पुढे केला. घरी न्यायला इथली प्रसिद्ध खोव्याची जिलबीही घेतली. काळपट, जाड, गुलाबजामची बहीणच म्हणा ना!

तुम्हीही कामासाठी कुठे गेलात, तर सकाळचा एक तास त्या गावाला द्या. रोज नवा रस्ता शोधायची गरज नाही. एकाच रस्त्याने पुन्हा जा. पहिल्या दिवशी आपण अंदाज बांधतो, दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो दुरुस्त करतं. आणि घरच्यांना चुकीचं काही सांगितलं असेल, तर तेही हसत सांगून टाका. खरी गप्पा तिथूनच सुरू होतात.

आता लेकीचा प्रश्न बदललाय. "बाबा, आज काय चुकलं?"